नवे उत्पादन मुलांच्या अंगाला लावण्यापूर्वी

नेरूळच्या आमच्या घरी एका सुगंधी लोशनमुळे मुलीच्या कोपराच्या खोबणीत लालसर, खरखरीत चट्टा उठला आणि ती रात्रभर खाजवत राहिली, तेव्हापासून कोणतेही नवे क्रीम किंवा लोशन चाचणी केल्याशिवाय मी तिच्या अंगाला लावत नाही.

त्यासाठी कोपराच्या आतील बाजूस, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, ते उत्पादन दिवसातून दोनदा लावावे आणि ७ ते १० दिवस त्याच जागेकडे लक्ष ठेवावे. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया अनेकदा दोन दिवसांनी उमटते, त्यामुळे पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. आईच्या त्वचेला जे सोसले ते मुलाला सोसेलच असे नाही, म्हणून ही चाचणी मुलाच्याच हातावर घ्यावी. लाली किंवा खाज दिसताच ती जागा धुऊन वापर थांबवावा आणि त्रास न शमल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

डबीवर उघड्या झाकणाच्या चित्रात १२ आणि ‘एम’ असे छापलेले असल्यास उघडल्यापासून १२ महिने, असा त्याचा अर्थ होतो. मी तर डबीच्या तळाशी उघडल्याची तारीखच लिहून ठेवते.

न्हाणीघर स्वच्छ करताना मात्र प्रयोग करूच नयेत. ब्लीच आणि शौचालयाचे आम्लयुक्त क्लीनर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, आणि पावसाळ्यात खिडक्या बंद असलेल्या आपल्या लहान न्हाणीघरांत तो अधिकच घातक ठरतो.