रानफुलांचे फोटो छान येतात, पण ओळख पटत नाही? या चुका टाळा

मागे एका ऑगस्टात पठारावरून तेरड्याचे चाळीसेक फोटो काढून आणले आणि वनस्पतींच्या जाणकार मित्राला दाखवले. भराभर सरकवत त्याने विचारलं, "बाजूने काढलेला एकही नाही का रे?" नव्हता. तेरड्याच्या गोतावळ्यात फुलामागे शेपटीसारखी पोकळ नळी असते. ती किती लांब, सरळ की वाकडी, हे जात ठरवताना बघावंच लागतं. माझी चाळीसही फुलं कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी!

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कवल्याचंही तसंच. पिवळ्या पाकळ्या बऱ्याच कवल्यांना असतात, पण फुलाखालच्या हिरव्या वाटीवरचे केस आणि शिरा वेगळ्या. म्हणून फूल समोरून, बाजूने आणि मागून, असे तीन फोटो काढायचेच.

दुसरी चूक म्हणजे पानांकडे दुर्लक्ष. पावसाळ्यात भाजीसाठी खुडतात तो टाकळा आणि त्याच्यासारखाच पिवळा फुलणारा कासविंदा घ्या. टाकळ्याच्या एका पानात पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या छोट्या भागांच्या, साधारण तीन जोड्या, टोकाशी गोलसर. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकदार. शिवाय टाकळ्याच्या खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये एक बारीक उभी गाठ असते, तर कासविंद्याची गाठ देठाच्या अगदी बुडाशी. फुलाच्या फोटोत यातलं काय दिसणार? (आणि खायची भाजी फोटोवरून कधीच ठरवू नका. गावातल्या माहीतगार बाईला प्रत्यक्ष दाखवा.) पान उलटूनही बघावं. ऐनाच्या पानाच्या मागे देठाजवळ गाठी असतात, वरून त्यांचा पत्ता लागत नाही.

एकच पर्णिका तोडून तिला 'पान' समजणारेही पुष्कळ. खूण सोपी आहे: पान फांदीला मिळतं तिथे डोळा (बारीक कळी) असतो, पर्णिकेच्या बुडाशी नसतो. तेव्हा पान फांदीला जोडलेलं दिसेल असा एक फोटो हवा. त्यातच पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हेही कळतं. मग दोन पावलं मागे सरून अख्ख्या झाडाचा एक. शेंग, फळ, झाड मोठं असेल तर साल, जे मिळेल ते घ्या.

आता मोबाइलच्या खोड्या. फोकस मागच्या गवतावर जातो. फुलामागे तळहात धरा, लगेच जागेवर येतो. पांढरी फुलं चुन्यासारखी जळून निघतात, तेव्हा स्क्रीनवर दिसणाऱ्या फुलावर बोट टेकवून उजेड कमी करा. पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा, तो पाकळ्यांच्या कडा आणि केस पुसून टाकतो. 'सीतेची आसवं' या रानफुलाचा जांभळा रंग फोनमध्ये निळा होऊन बसतो, म्हणून खरा रंग तिथेच वहीत टिपून ठेवावा.

मापासाठी लोक रुपयाचं नाणं ठेवतात. पण जुना रुपया 25 मिलिमीटरचा, 2011 नंतरचा 22 चा! त्यापेक्षा कंपासपेटीतली छोटी पट्टी बरी.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली जागेची माहितीही गळून पडते. जाणकाराला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तारीख, ठिकाण आणि झाड कातळावर होतं, पाण्यात होतं की झाडीत, हे सोबत लिहा. मात्र कंदीलपुष्प किंवा दुर्मीळ आमरी (ऑर्किड) सापडली तर नेमकी जागा जाहीर करू नका. कंदीलपुष्पाचे कंद लोक उकरून खातात. आणि चांगल्या कोनासाठी कासच्या सड्यावर (कातळी पठारावर) आडवं पडू नये. एका फुलाच्या फोटोपायी शंभर चिरडतात.

हे सगळं करूनही गेंद (पांढऱ्या गोंड्यासारखं रानफूल) हुलकावणी देतोच. त्याच्या बऱ्याच जाती ठरवायला फुलाचे भाग नि बी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. माझ्या वहीत त्याच्यापुढे गेली कित्येक वर्षं 'गेंद, जात माहीत नाही' एवढंच लिहिलेलं आहे.