टँडेम (दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल) काढण्याआधी डावीकडची चेन बघा

हेल्मेट, पाणी, पंक्चरचं सामान यावर बोलत नाही. दोघांचं वजन असल्याने हवा नेहमीपेक्षा जास्त लागते; टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्यापुढे मात्र जाऊ नका.

आता डावी बाजू. उजवीकडच्या गिअरच्या चेनला सगळे तेल घालतात. पुढचे-मागचे क्रँक (पेडलचे दांडे) जोडणारी डावीकडची टायमिंग चेन, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. दोन चेनव्हीलच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) मधोमध बोटाने दाबा, साधारण सेंटिमीटरभर हलली पाहिजे. एकाच जागी दाबून उठू नका! क्रँक पाव-पाव फेरी फिरवत चारदा दाबा. चेनव्हील अगदी गोल नसतात, त्यामुळे चेन कुठे ताठ लागते, कुठे सैल. जिथे सगळ्यात ताठ, तिथे बघून ताण ठरवा. पुढच्या बॉटम ब्रॅकेटमधलं (क्रँकचा आस बसतो ती जागा) एक्सेंट्रिक, म्हणजे आस मध्यावर नसलेला गोल तुकडा, फिरवून ताण बदलतो. त्याचे बोल्ट परत आवळायचे राहिले तर केलेलं सगळं फुकट. ही तपासणी डोळ्यांनी न दिसणाऱ्या स्टोकरनेच (मागे बसणाऱ्यानेच) करावी, बोटांचंच काम आहे. सैल चेन खड्ड्यात उतरली की पायलटचे (पुढे बसून सायकल हाकणाऱ्याचे) पाय रिकामे फिरतात, सगळा भार मागच्यावर येतो आणि काय झालंय ते त्याला कळायला मार्ग नसतो. परत चढवताना दात मोजा: 40 दातांच्या चेनव्हीलवर एक दात चुकला की क्रँक 9 अंशांनी मागेपुढे होतात. म्हणजे पुन्हा डावीकडची चेन काढून चढवा.

स्टोकरची सीट: टाच खालच्या पेडलवर, गुडघा सरळ. त्या उंचीवर सीटच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा, पुढच्या वेळी हाताला लागेल.

निघण्याआधी शब्द ठरवा: ‘खड्डा’, ‘गिअर’, ‘पाय थांबव’, ‘ब्रेक’. खड्डा आदळण्याआधी सांगायचा असतो. मागची सीट जवळजवळ चाकावरच असते. कंबर उचलायला क्षणभर तरी द्या.

चढताना पायलटने दोन्ही ब्रेक दाबून, पाय फाकवून उभं राहायचं, नाहीतर पेडल नडगीवर बसतं. स्टोकर नंतर चढतो, आधी उतरतो. थांबल्यावर पाय फक्त पायलटने टेकायचा.

वळणं मोठी, उतारावर ब्रेक लवकर. चार-पाच किलोमीटरवर थांबून टायमिंग चेन पुन्हा दाबा, एक्सेंट्रिक सरकलं असेल तर इथेच कळेल. बोल्ट आवळायची अ‍ॅलन की बरोबर हवी, घरच्या पेटीत नको.