बाळाचं रक्त कमी निघालं? अंगावरच्या दुधाबाबत या चुका टाळा

बाळाचं हिमोग्लोबिन कमी आलं की घरात पहिलं बोट आईच्या दुधाकडे जातं. "तिलाच रक्त कमी, मग बाळाला कुठून मिळणार?" असं कुणीतरी म्हणतं आणि अंगावरचं तोडून बाटली सुरू होते. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

आईच्या दुधात लोह थोडंच असतं, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. आईला सौम्य किंवा मध्यम रक्तक्षय असला, तरी त्यात फारसा फरक पडत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिले चार-सहा महिने पोटात असताना साठवलेलं लोह पुरतं. बी-12 या जीवनसत्त्वाचं मात्र वेगळं आहे. आईलाच ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं, म्हणून आईचीही तपासणी व्हायला हवी.

दुसरी चूक उलट टोकाची: दुधात 'ग्रोथ फॅक्टर' (पेशींची वाढ घडवणारे घटक) असतात, मग औषध कशाला? हे घटक खरे आहेत आणि मोलाचे आहेत. त्यातलं ईजीएफ चिकाच्या दुधात भरपूर असतं आणि आतड्याचं अस्तर घडवतं. वाढीला मदत करणारं आयजीएफ-1 असतं, एरिथ्रोपोएटिनही (तांबड्या पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक) असतं. पण दुधातलं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः आतड्यावरच काम करतं. शिवाय रक्त कमी झालेल्या बाळाचं मूत्रपिंड ते स्वतःच जास्त बनवत असतं. तांबड्या पेशी बनवायचा हुकूम सुटलेला असतो, कच्चा माल नसतो. तो माल म्हणजे लोह. म्हणून दूधही चालू ठेवायचं आणि डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंबही.

काढून ठेवलेलं दूध उकळू नका. त्यातली नाजूक प्रथिनं उष्णतेने मोडतात. वाटी कोमट पाण्यात ठेवली की पुरे.

रिपोर्ट वाचतानाही घाई होते. दोन-तीन महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन निसर्गतःच उतरतं, 100 मिलिलिटर रक्तामागे 9.5 ते 11 ग्रॅमपर्यंत. सहा ते तेवीस महिन्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2024ची सीमा 10.5 आहे; त्याखाली आलं तर रक्तक्षय. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) फुगलेलं दिसतं, त्यामुळे लोहाची कमतरता झाकली जाते.

थेंब सुरू होऊन महिना झाला, तरी हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही वाढलं नाही? आधी पाहा: रोज दिले का, मात्रा वजनाप्रमाणे आहे का, बाळ ते ओकून टाकतंय का? सगळं नीट असेल तर थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार), बी-12ची कमतरता, आतड्यातून रक्त जाणं यांबद्दल डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून दिलं, तर काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्त झिरपतं. थेंब चालू असताना शी काळी होणं मात्र बहुधा लोहामुळेच असतं, त्यासाठी औषध थांबवू नका. आकडा सुधारला म्हणूनही लगेच थांबवू नका; साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

सहा महिने झाले की लोहयुक्त वरचं अन्न सुरू करा, ते लांबवू नका. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला मात्र लोह खूप आधी, पहिल्या काही आठवड्यांतच लागतं.

दूध ओढताना बाळ दमत असेल, धाप लागत असेल, ओठ पांढरे पडले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.