अॅकॅडमिक इंग्रजी शिकवायला उभं राहताना

इंग्रजीत एमए झालं, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा निघाली आणि तासिका तत्त्वावर कॉलेजात रुजू झालात, की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात येते. आपण शिकलो कविता, नाटक, समीक्षा. आणि समोर बसलेली मुलं असतात रसायनशास्त्राची, अर्थशास्त्राची, समाजशास्त्राची. त्यांना प्रोजेक्टचा अहवाल लिहायचा असतो, सेमिनार द्यायचा असतो. त्या लेखनाला लागणारं इंग्रजी, म्हणजेच अॅकॅडमिक इंग्रजी, आपल्यालाही कुणी नीट शिकवलेलं नसतं.

मी कोल्हापुरात शिकवायला लागले तेव्हा वर्गातली निम्मी मुलं राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून सकाळच्या एसटीनं यायची. बारावीपर्यंत मराठी माध्यम. यांचं इंग्रजी कच्चं आहे असं समजून मी दोन महिने काळ आणि आर्टिकल्स घोटून घेतली. पाचवीपासून तेच करत आलेली मुलं ती. त्यांनी ते मुकाट्यानं पुन्हा केलं. चाचणीतले गुण वाढले, पण अहवाल होते तसेच राहिले.

माझे डोळे उघडले ते एका गुळाच्या प्रोजेक्टनं. मुलाच्या घरचं गुऱ्हाळ. उकळत्या रसात भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती काढून टाकली की गूळ स्वच्छ उतरतो, यावर त्यानं स्वतः नोंदी ठेवल्या होत्या. अहवालाचं पहिलं वाक्य होतं, ‘एव्हरीबडी नोज दॅट कोल्हापूर जॅगरी इज द बेस्ट इन द वर्ल्ड.’ व्याकरणाची एकही चूक नाही. मी विचारलं, ‘कुणाला माहीत आहे? कशावरून?’

‘मॅडम, सगळ्या गावाला ठावं हाय की.’

मग त्याची वही उघडली. अकरा आदणांच्या, म्हणजे रस उकळायच्या अकरा खेपांच्या, नोंदी होत्या. अकराही वेळा गूळ स्वच्छ उतरला का? ‘नऊ वेळा. दोनदा ऊस शिळा होता.’ मी फळ्यावर मराठीतच तीन वाक्यं लिहिली: भेंडीमुळे गूळ स्वच्छ होतो. भेंडीमुळे गूळ स्वच्छ होत असावा. अकरापैकी नऊ आदणांत भेंडी घातल्यावर गूळ स्वच्छ उतरलेला दिसला. ‘यातलं कुठलं वाक्य तू छातीठोकपणे सांगशील?’ त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं. त्या दिवशी त्याच्या अहवालातून ‘प्रूव्ज’ गेला आणि ‘अपिअर्स टू’ आला. शिळ्या उसाचीही ओळ आली, जी त्यानं आधी लाजून गाळली होती.

मला नव्यांना सांगायचंय ते हेच. जेवढा पुरावा, तेवढाच दावा: अॅकॅडमिक इंग्रजीचा गाभा हा आहे. आणि ही जाण मुलांकडे मराठीत आधीपासून असते. ‘पाऊस येईल’, ‘येईलसं वाटतंय’, ‘येणारच’ यांतला फरक त्यांना शिकवावा लागत नाही. तिथून इंग्रजीकडे वाट काढा.

प्रस्तावना शिकवताना भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये मांडलेली तीन पावलांची रचना फार कामाला येते. आधी क्षेत्र दाखवायचं, मग त्यातली उणीव, मग आपण ती कशी भरतोय ते. माझ्या मुलांना मी सांगते, शिवाराची हद्द दाखव, त्यातली पडीक पट्टी दाखव, मग तिथं नांगर धर. शब्दांसाठी भाषातज्ज्ञ अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली, अभ्यासलेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) यादी आहे, पण ती पाठ करायला देऊ नका. त्यापेक्षा मुलांच्याच विषयातले दहा-बारा शोधनिबंध घ्या आणि अँटकाँक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका. ‘सजेस्ट’ शोधला की तो जिथं जिथं आलाय त्या ओळी एकाखाली एक दिसतात, शब्द मधोमध. त्याच्या आगेमागे काय येतं ते मुलं स्वतःच ओळखतात.

तपासण्याचं काम मात्र शिकवण्याहून अवघड आहे. आम्ही तिघांनी एकदा एकच निबंध वेगवेगळा तपासला. वीसपैकी नऊ, तेरा आणि सोळा! नऊ देणारे सर स्पेलिंग बघत होते, सोळा देणाऱ्या मॅडम मुद्दे. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर, पण मुलाचं काय? तेव्हापासून आम्ही चार निकष ठरवून घेतले: दावा आणि पुरावा, मांडणी, भाषा, संदर्भ. प्रत्येकाला पाच गुण, आणि कुठल्या गुणाला काय अपेक्षित ते एकेका ओळीत लिहिलेलं. गठ्ठा वाटून घेण्याआधी पाच पेपर तिघंही तपासतो, फरक पडला तर त्यावर बोलतो. निकषांचा तो कागद मुलांना लिहायच्या आधी द्या, नंतर नको.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एवढंच, की ते जुळणारा मजकूर मोजतं; चोरी झाली का, हे तुम्हाला वाचूनच ठरवावं लागतं. प्रबंधांसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळलेली आहे. हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर ती आकडा कमी करण्यासाठी चांगली वाक्यं मोडत बसतात.

एआयच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, तिची बोच अजून आहे. एका मुलीचा निबंध एआयनं लिहिलाय असं एका तपासणी साधनानं दाखवलं आणि मी वर्गात तिला उभं केलं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. चार कच्चे खर्डे, खाडाखोड, समासात मराठीत लिहिलेले मुद्दे. सोपे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना या साधनांना यंत्राची वाटते, आणि दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणारा नेमका तसाच लिहितो. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्या साधनांनी एआयचे ठरवले होते. मी त्या मुलीची माफी वर्गातच मागितली.

आता मी शेवटचा कागद एकटा घेत नाही. पहिल्या तासाला वर्गात हातानं लिहिलेला एक परिच्छेद, मग मुद्दे, पहिला खर्डा, दुसरा खर्डा. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर जुन्या आवृत्त्या बघता येतात. तासिका तत्त्वावर पैसे तासाचे मिळतात, तपासणीचे नाहीत, म्हणून साठ मुलांना पानभर शेरे लिहिणं झेपत नाही. पहिल्या खर्ड्यावर मी फक्त दावा आणि पुरावा बघते आणि व्हॉट्सअॅपवर दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवते. तो मुलं पुन्हा पुन्हा ऐकतात.

शेवटी प्रत्येकाला पाच मिनिटं समोर बसवते. ‘हा ‘मे’ इथं का टाकलास? ‘इज’ का नाही?’ उत्तर मराठीत दिलं तरी पूर्ण गुण देते.