इंजिन बदललेली जुनी गाडी नखरे करतेय? वायरिंग, पेट्रोल आणि हीटरचा दोष असा शोधा

जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं, पहिल्या सेल्फला चालू झालं, सगळे खूश, आणि आठवड्याभरात रडगाणं सुरू. सकाळी सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, चढावर झटके मारते, हीटर लावला तर पायावर गार वारा. अशा वेळी बरेच जण थेट इंजिनावर घसरतात, प्लग बदल, इंजेक्टर साफ कर, सेन्सर नवीन टाक. माझं मत उलटं आहे. ते इंजिन आधीच्या गाडीत बरं चालत होतं आणि ही गाडी जुन्या इंजिनावर बरी चालत होती, मग बिघाड बहुतेक वेळा सांध्यात असतो, म्हणजे जिथे नवं जुन्याला जोडलंय तिथे. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी कागदावर सगळे सांधे लिहून काढा: करंट कुठून येतो, अर्थ (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) कुठे जातो, चावीची वायर, पेट्रोल येणारा पाईप, परत जाणारा पाईप, हीटरचे दोन होज, आणि डॅशबोर्डवरच्या मीटरच्या वायरी.

सुरुवात वायरिंगपासूनच करा, तक्रार पेट्रोलची वाटत असली तरी. कारण करंट कमी पडला की पंप मंद फिरतो, सेन्सर खोटं बोलतो, आणि आपण बसतो फिल्टर बदलत.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी चांगली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप फसवं येणार. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं.

आता अर्थ. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीला टेकलेलं दिसलं तरी करंटच्या हिशोबाने ते अधांतरी असतं, जाड अर्थ पट्टी असेल तरच जोडलेलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच), दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर छान, ०.५ च्या वर गेला तर अर्थ खराब. मग हेच बॉडीवर पिन ठेवून करा, या वेळी हेडलाईट आणि हीटरचा पंखा चालू ठेवून.

माझ्या स्वतःच्या गाडीत हा आकडा १.४ आला होता, आणि तो मी बघितला कधी तर पेट्रोल पंप आणि फिल्टर बदलून झाल्यावर, तीन रविवार घालवून. पट्टी नवीकोरी होती, बोल्ट घट्ट होता, फक्त खाली ताजा रंग होता, तोही मीच हौसेने मारलेला. नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली, पट्टी परत आवळली, वरून थोडं ग्रीस लावलं, आणि गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू. एक खूण लक्षात ठेवा, सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल गरम लागत असेल तर इंजिनाचा अर्थ त्या बिचाऱ्या केबलमधून चाललाय.

पुढचा सांधा चावीचा. जुन्या गाड्यांच्या चावीत काही वायरी सेल्फ मारताना मुद्दाम बंद होतात, रेडिओ वगैरेसाठी ते ठीक, पण ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) चावीची वायर तिथूनच घेतली असेल तर सेल्फ फिरताना ईसीयू झोपलेला. लक्षण एकदम ओळखीचं: कितीही सेल्फ मारा, काही नाही, आणि चावी सोडताना क्षणभर भुर्रर्र. टेस्ट लॅम्प त्या वायरला लावा आणि सेल्फ मारा, दिवा विझला तर वायर दुसऱ्या टर्मिनलवर घ्या. जुन्या प्लॅटिनम पॉइंटच्या गाडीत कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर किंवा रेझिस्टन्सची वायर असू शकते, तिच्यातून पुढे पूर्ण १२ व्होल्ट पोचत नाहीत, म्हणून नव्या इंजिनाची कॉइल किंवा ईसीयू त्या वायरवर कधीच नको, ती वायर फारतर रिलेला (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) इशारा द्यायला वापरा आणि खरा करंट बॅटरीवरून फ्यूजमार्गे घ्या.

चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं? बहुतेक अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याच्या वायरीतून करंट उलटा येतोय, त्या वायरीत एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा) टाकला की थांबतं. आणि चार्जिंगच होत नसेल तर डॅशबोर्डवरचा तो छोटा बल्ब बघा, बऱ्याच अल्टरनेटरना जागं व्हायला त्या बल्बमधून येणारा करंट लागतो, बल्ब उडाला किंवा हौसेने एलईडी टाकला की चार्जिंग बोंबललं. एक-दोन सेकंद चालू होऊन प्रत्येक वेळी नेमकं बंद पडत असेल तर इमोबिलायझरवर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) संशय घ्या, ईसीयू आपली जुनी चावी शोधतोय.

फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, प्लीज. वायर कुठे सोलली गेलीय ते शोधा, खास करून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकात जिथे रबरी ग्रोमेट टाकायचं राहून गेलंय, आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ, कारण नव्या इंजिनाचा मॅनिफोल्ड कदाचित दुसऱ्या बाजूला असतो आणि जुनी वायरिंग तिथूनच गेलेली असते.

आता पेट्रोल. गाडी मोकळ्या हवेत, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि इंजेक्शनची लाईन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे प्रेशर उतरतं, तरी सांध्याभोवती फडकं धराच.

चावी ऑन केली की इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद घूं करून थांबतो. आवाजच नाही तर रिले काढा आणि त्याच्या बेसमध्ये ३० नंबरच्या पिनला कायम करंट आहे का बघा, मग चावी ऑन करताना ८५-८६ या पिनांमध्ये मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावून इशारा येतो का ते बघा. दोन्ही आहे आणि तरी पंप गप्प, तर रिले बदला, नाहीतर ८७ पासून पंपापर्यंतची वायर आणि पंपाचा अर्थ तपासा. पंप फिरतोय पण गाडी दम धरत नाही, तर मागे पंपाच्या टोकांवरच व्होल्ट मोजा, इंजिन चालू असताना. बॅटरीपेक्षा एका व्होल्टहून जास्त कमी येत असेल तर जुनी बारीक वायर नव्या पंपाला पुरत नाहीये.

मग प्रेशर गेज लावा. कार्बोरेटरला साधारण ३ ते ६ पीएसआय लागतं, इंजेक्शनला बहुधा ४० ते ६०. हा फरक विसरला की घोटाळे होतात: जुना कार्बोरेटरचा पंप इंजेक्शन इंजिनाला पुरत नाही, आणि इंजेक्शनचा पंप कार्बोरेटरला लावला तर नीडल व्हॉल्व्ह उचलून पेट्रोल वर वाहायला लागतं. होजपण इंजेक्शनच्या प्रेशरचाच हवा, जुना साधा होज फुटला तर गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा, यात कंजुषी नको.

प्रेशर जास्तच येत असेल तर परतीचा पाईप चिमटलाय किंवा फार बारीक आहे. कमी येत असेल तर फिल्टर कापून आतला गंज बघा, जुन्या टाकीतला गंज फिल्टर महिन्यात भरून टाकतो. अर्ध्या तासाने गाडी गुदमरते आणि टाकीचं झाकण उघडल्यावर सूं आवाज येतो, म्हणजे टाकीचा श्वास बंद आहे. आणि फक्त वळणावर, टाकी पाव असताना मिस मारत असेल तर कार्बोरेटरच्या जमान्यातल्या त्या टाकीत आत आडोसेच नाहीत, पेट्रोल एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो, तिथे छोटी सर्ज टाकी (पंपासाठी कायम भरलेली राहणारी मधली टाकी) लावायची. डिझेल इंजिन टाकलं असेल तर ओढणाऱ्या बाजूला थोडा वेळ पारदर्शक पाईपचा तुकडा लावून बुडबुडे दिसतात का बघा.

एवढं सगळं बरोबर आणि तरी गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल पिते? मग हे पेट्रोलचं दुखणं नाही, पाण्याचं आहे. कूलंटमध्ये हवा अडकली आणि ईसीयूचा टेम्परेचर सेन्सर त्या बुडबुड्यात बसला तर त्याला इंजिन गारच वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. तीच हवा हीटर कोअरमध्येही (हीटरच्या आतला छोटा रेडिएटर) अडकलेली असते.

इंजिन गरम झाल्यावर हीटर फुल हॉटवर ठेवून फायरवॉलजवळचे दोन्ही होज हाताने चाचपा, फॅन आणि बेल्टपासून हात लांब. दोन्ही गरम पण हवा गार, तर आतला फ्लॅप किंवा त्याची केबल. एक गरम एक गार, तर पाणी फिरत नाहीये: हीटर व्हॉल्व्ह बंद (व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याची नळी इंजिन बदलताना हरवली असेल), कोअर चोंदलेला, किंवा दोन्ही होज चुकून प्रेशरच्याच बाजूला जोडलेत. एक होज हेडच्या बाजूने यायला हवा आणि दुसरा वॉटर पंपाच्या ओढीकडे जायला हवा, तरच पाणी फिरतं. दोन्ही गार आणि टेम्परेचरचा काटाही खालीच, तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. काट्यावर मात्र आंधळा विश्वास नको, जुना मीटर आणि नव्या इंजिनाचा सेन्सर जुळत नसेल तर तो काहीही दाखवतो.

हवा काढायला इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडा, गरम असताना अजिबात नाही. गाडीचं नाक चढावर वर करा, हीटर फुल हॉट, कूलंट भरा, इंजिन चालू करा आणि वरचा होज दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला, बहुधा ८० ते ९० डिग्रीच्या मध्ये, की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर परत झाकण उघडा, पातळी बोटभर खाली गेलेली असते, भरा, फिरवून आणा, आणि पातळी उतरायची थांबेपर्यंत रोज सकाळी हेच.