विमानांच्या हाताने शिपाई घडवताना

नाशिकमध्ये वाढलेल्या मुलाला विमानांचे वेड लागले तर त्यात नवल नाही. ओझरला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तिथे आधी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० एमकेआय तयार झाली, आणि त्यांचा आवाज ऐकतच आमच्या पिढीने आकाशाकडे पाहायची सवय लावून घेतली. मीही बरीच वर्षे १/७२ आणि १/४८ प्रमाणातली, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या किंवा अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढी, प्लास्टिकची विमानेच जोडत आलो. नंतर १/३५ प्रमाणातला पायदळाचा एक शिपाई हाती घेतला आणि लक्षात आले की अर्धी कला आपल्याला येतेच आहे, पण उरलेल्या अर्ध्या कलेच्या आड आपल्याच सवयी येत आहेत. विमानांकडून शिपायांकडे वळू पाहणाऱ्या मॉडेलकारांसाठी हे टिपण आहे.

मूळ फरक आधी सांगतो. विमानाला रंग द्यायचा असतो, शिपायावर मात्र प्रकाशसुद्धा आपणच रंगवायचा असतो. खऱ्या सदऱ्याला पडलेली एक सेंटिमीटर खोल चुणी १/३५ प्रमाणात जेमतेम ०.३ मिलिमीटर उरते. खोलीतल्या दिव्याने एवढ्या उथळ चुणीत डोळ्याला जाणवेल अशी सावली पडत नाही. त्यामुळे एकसारख्या खाकी रंगाने कितीही स्वच्छ रंगवलेला शिपाई प्लास्टिकचाच दिसतो. विमानाच्या पंखावर जो सपाट, निर्दोष थर आपण अभिमानाने मिरवतो, तोच थर इथे दोष ठरतो.

विषय निवडताना ज्याच्याबद्दल आपल्याला आस्था आहे असा माणूस निवडावा. मी इटलीच्या आघाडीवरचा मराठा पलटणीतला शिपाई निवडला, आणि त्यामागे नामदेव जाधव होते. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या निमजचा हा जवान ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर कंपनीचा निरोप्या म्हणून काम करत होता. त्याने मशीनगनच्या माऱ्यातून जखमी साथीदारांना बाहेर काढले आणि हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून हातबॉम्बने मशीनगनचे मोर्चे गप्प केले. त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी त्यांचे व्यक्तिचित्र करायला गेलो नाही. त्यांच्याच पलटणीतला एक अनाम जवान ब्रिटिश पायदळाच्या किटमधून घडवावा एवढाच बेत होता. पण समोरचा प्लास्टिकचा तुकडा हा कोणीतरी माणूस आहे ही जाणीव पहिल्या दिवसापासून राहिली, तर हात आपोआप सावध चालतो.

जुळणीत विमानवाल्याचा हात सर्वांत जास्त चुकतो तो सांध्यांवर. विमानाच्या धडावरची जोडरेघ आपण पुटी भरून, पॉलिशपेपर घासून नाहीशी करतो. शिपायाच्या बाहीवरची साच्याची रेघ तशीच घासली तर तिच्याबरोबर कापडाच्या चुण्याही जातात आणि बाही पाइपासारखी दिसते. म्हणून इथे पॉलिशपेपर बाजूला ठेवावा आणि ब्लेडची धार आडवी धरून, चुणीच्या चढउताराबरोबर वर-खाली होत, ती रेघ खरवडून काढावी. खांद्याच्या सांध्यात फट राहिली तर एम-सीलसारखी एपॉक्सी पुटी भरावी आणि ती मऊ आहे तोवरच ओल्या टूथपिकने शेजारची चुणी त्या पुटीवरून पुढे ओढून घ्यावी, म्हणजे सांधा बुजण्याऐवजी शिवणीत लपतो. रेझिनची फिगर असेल तर ती आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवावी, कारण साच्यातले तेलकट द्रव्य राहिले तर रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो. रेझिन घासायचे झाल्यास पाण्यात बुडवून आणि तोंडाला मास्क लावूनच घासावे. ती धूळ फुप्फुसांना अपायकारक असते आणि हा छंद आपल्याला म्हातारपणापर्यंत करायचा आहे.

विमानाचे दोन्ही पंख सारखे आहेत ना, हे आपण काटकोन्याने पाहतो. शिपायासाठी गवंड्याचा ओळंबा लागतो. दोऱ्याला लहानसा नट बांधावा आणि तो फिगरसमोर धरून पाहावा. जो जवान एका पायावर भार देऊन उभा आहे, त्याच्या गळ्याच्या खळगीतून सोडलेला दोरा भार असलेल्या पायाच्या घोट्यापाशी उतरायला हवा. तसा उतरत नसेल तर तो शिपाई पाहणाऱ्याला नकळत पडत असल्यासारखा वाटतो, आणि रंगकाम कितीही चांगले झाले तरी ती खोट झाकत नाही. अशा वेळी घोट्यापाशी करवतीने बारीक काप घेऊन कोन सुधारावा. मला ही गोष्ट पुस्तकांपेक्षा नाशिकरोड स्टेशनावर जास्त कळली. तोफखाना केंद्राकडे जाणारे जवान तिथे सामान घेऊन उभे असतात. एका खांद्यावर जड किटबॅग असलेल्या जवानाचा दुसरा खांदा खाली जातो, कंबर उलट्या बाजूला सरकते आणि मान पुन्हा सरळ होते. पाठीचा कणा हलकासा नागमोडी होतो. हेच वळण आपल्याला पाच सेंटिमीटरच्या प्लास्टिकमध्ये आणायचे असते. पाण्याची बाटली, पिशव्या आणि पट्टेही लटकले पाहिजेत. बाटली आणि मांडी यांच्यामध्ये उजेड दिसत असेल तर मांडीचा भाग थोडा खरवडून बाटली टेकवावी. बंदुकीचा पट्टा किटमध्ये जाड येतो. मास्किंग टेपची बारीक पट्टी कापून, पातळ सुपरग्लूने भिजवून, वजनाने ताणलेली दिसेल अशी बसवावी.

डोके आणि शस्त्र शक्यतो वेगळेच रंगवावे. फिगरच्या टाचेत तार घालून ती बुचात खोवली की रंग हाताळताना बोट कुठेच लागत नाही. वाइनच्या बाटल्यांची बुचे आपल्या गावात सहज मिळतात आणि ती या कामाला उत्तम.

आता एअरब्रशचा (हवेने रंग फवारणाऱ्या पेनाचा) उपयोग सांगतो, कारण विमानवाल्याचे खरे भांडवल तेच आहे. काळा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) सगळीकडून मारून तो सुकल्यावर फिकट राखाडी प्रायमर फक्त वरून, साधारण साठ अंशांच्या कोनातून, हलका मारावा. काखा, हेल्मेटच्या कडेखालची जागा, पट्ट्याची खालची बाजू आणि मांड्यांचा आतला भाग काळा राहतो. खांदे, छाती आणि गुडघ्यांचा वरचा भाग उजळतो. दुपारी बाराचे ऊन त्या माणसावर पडले तर काय दिसेल, याचा हा नकाशा झाला. पुढे कुठे उजळावे आणि कुठे गडद करावे असा प्रश्न पडला की मोबाइलवर काढलेला याच अवस्थेतला फोटो पाहावा. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर प्रायमर आणि मॅट वॉर्निश यांच्यावर दमटपणामुळे पांढरी साय धरते, म्हणून उघडीप असलेल्या दुपारची वाट पाहिलेली बरी.

गणवेश ब्रशनेच रंगवावा. सुरुवातीला सगळेजण ०००० क्रमांकाचा ब्रश घेतात आणि तिथेच फसतात, कारण त्याच्या टोकावरचा थेंबभर रंग फिगरपर्यंत पोहोचायच्या आतच सुकतो, विशेषतः आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात. टोकदार १ क्रमांकाचा ब्रश घ्यावा. त्याच्या पोटात रंग राहतो आणि टोक बारीकच असते. रंग ओला राहावा म्हणून पसरट डब्यात ओला टिश्यूपेपर अंथरून त्यावर बटर पेपर ठेवावा आणि रंग त्या कागदावर मिसळावा. झाकण लावले की मिसळलेला रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. ॲक्रिलिक दुधाइतके पातळ करावे आणि एका जाड थराऐवजी चार विरळ थर द्यावेत.

बॅटलड्रेस जाड लोकरी सर्जचा, तपकिरीकडे झुकणारा खाकी. त्याच्या सावलीसाठी काळा मिसळू नये, कापड मेल्यासारखे दिसते. गडद तपकिरी मिसळावा. उजेडासाठी पांढराही टाळावा, कारण त्याने खाकी खडूसारखी होते. बफ किंवा फिकट गेरूचा रंग मिसळावा. प्रमाण लहान होत जाते तसे रंग थोडे फिकट करावे लागतात हे विमानवाल्याला ठाऊक असतेच, इथेही तो नियम लागू आहे. १९३७ च्या नमुन्याचे सुती वेबिंग (पट्टे आणि पिशव्या) गणवेशापेक्षा हिरवट ठेवावे, म्हणजे दोन कापडे वेगळी ओळखू येतात. विमानावर पॅनेलच्या रेघांत सोडतो तो वॉश (पातळ गडद रंग) अंगभर फासायचा मोह आवरावा. तो फक्त पट्ट्याच्या कडेला, खिशाच्या झाकणाखाली आणि बटणाभोवती टोकदार ब्रशने सोडावा. बूट, लाकूड आणि धातू यांत विमानवाल्याला नवे शिकण्यासारखे फारसे नाही.

चेहऱ्याला मात्र एक पूर्ण दिवस द्यावा. बाजारात ‘फ्लेश’ नावाने मिळणारी बाटली गोऱ्या कातडीची असते. ती आपल्या मराठी शिपायावर उघडूच नये. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा मिसळून आधी गव्हाळ-सावळा पाया तयार करावा. सावलीकडे जाताना त्यात बर्न्ट अंबर आणि किंचित जांभळा, तर उजेडाकडे जाताना ऑकर वाढवून अगदी शेवटी पांढऱ्याचा स्पर्श द्यावा. सावळ्या कातडीवर उजेड फिका होत नाही, तो सोनेरी होतो आणि चमकतो. कपाळाच्या कडेला, गालफडाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर तो लहान आणि ठळक असतो. ॲक्रिलिकच्या पायावर ऑइल पेंट वापरले तर काम सोपे होते, कारण ते तासन्‌तास ओले राहतात आणि कोरड्या ब्रशने सावली-उजेडाची सीमा हळूहळू पुसता येते. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवावा. पुठ्ठा जादा तेल शोषतो आणि रंग मॅट सुकतो.

डोळ्यांबाबत माझी पहिली फिगर पूर्ण फसली होती. मी डोळ्याची शुभ्र पट्टी काढून मधोमध काळा ठिपका ठेवला आणि जवान भेदरलेला, बटबटीत दिसू लागला. हिशेब केला तर कारण कळते. या प्रमाणात डोके सव्वासहा मिलिमीटरचे आणि उघड्या डोळ्याची रुंदी एक मिलिमीटरही भरत नाही; खरा माणूस एवढा लहान दिसेल इतक्या अंतरावरून त्याच्या डोळ्यातला पांढरा भाग दिसत नाही, दिसते ती वरच्या पापणीची गडद रेघ. यावरचा उपाय मला भाद्रपदाच्या आधी गणपतीच्या एका कारखान्यात सापडला. तिथे आखणी करणारा कारागीर मूर्तीच्या गालावर करंगळी टेकवी, श्वास रोखी आणि वरच्या पापणीची रेघ आतल्या कोपऱ्यातून बाहेर एका झटक्यात ओढी. रेघ अर्धवट सोडून पुन्हा जोडणे त्याला मान्यच नव्हते. बिघडली तर पुसून पहिल्यापासून.

तसेच करावे. मनगट टेबलाच्या कडेवर आणि करंगळी बुचावर टेकवावी, सराफाचे भिंग डोळ्याला लावावे आणि बर्न्ट अंबरमध्ये जरासा काळा मिसळून वरच्या पापणीची एकच रेघ ओढावी. डोळा उघडा दाखवायचाच असेल तर पांढऱ्याऐवजी मळकट करडा भरावा, आणि बाहुली वरच्या पापणीला चिकटवून, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला वळलेली काढावी. समोर पाहणारा डोळा जमवणे फार कठीण असते. बाजूला पाहणारा शिपाई मात्र काहीतरी निरखतो आहे असे वाटते. वरचा ओठ गडद, खालचा फिकट. दाढीच्या खुंटांसाठी हनुवटी आणि जबड्यावर निळसर-काळ्या रंगाचा अत्यंत पातळ थर पुरतो. मिशी शुद्ध काळी न ठेवता काळपट तपकिरी ठेवावी आणि तिच्या वरच्या कडेला दोन-तीन उजळ रेघा द्याव्यात.

जमिनीसाठी शेतातली माती चाळून फेव्हिकॉलवर पसरली तरी चालते, पण आपली काळी कसदार माती इटलीतल्या नदीकाठावर शोभणार नाही, तेव्हा ती फिकट तपकिरी रंगवून घ्यावी. त्याच रंगाची धूळ बुटांवर आणि पायांच्या खालच्या भागावर कोरड्या ब्रशने झटकावी, म्हणजे माणूस त्या जमिनीवरून चालत आलेला दिसतो. टाचेतली तार जमिनीत खोल खोवावी. बुटाचा तळ मातीत किंचित रुतला पाहिजे.

डोके बसवल्यावर सगळ्या फिगरवर मॅट वॉर्निशचा हलका फवारा मारावा. तो पूर्ण सुकल्यावर खालच्या ओठावर आणि नाकाच्या शेंड्यावर सॅटिन वॉर्निशचा बारीक ठिपका द्यावा. मग फिगर खिडकीत ठेवून सकाळी आणि संध्याकाळी पाहावी. दोन्ही वेळी उजेड हेल्मेटवरून खांद्यावर उतरतो आहे असेच वाटत असेल तर रंगकाम पुरे झाले; संध्याकाळी सदरा सपाट वाटत असेल तर चुण्यांच्या माथ्यांवर फिकट खाकीची आणखी एक विरळ रेघ लागेल.