बल्बच्या होल्डरमधून जळका वास: माझा अनुभव

परभणीतल्या आमच्या स्वयंपाकघरात बिननावाचा स्वस्त एलईडी बल्ब लावला की थोड्या वेळानं प्लास्टिक जळल्यासारखा वास यायचा, उजेड लुकलुकायचा. बल्ब बदलला, स्विच बदलला, फरक शून्य. जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, बल्ब गार झाल्यावर होल्डर उघडला. एका पिनेची स्प्रिंग दबून सैल झालेली, भोवतीचं बेकेलाइट (होल्डरचं कडक प्लास्टिक) काळं, वायरचं टोक ठिसूळ. सैल जोडावर ठिणग्या उडतात, आग तिथूनच धरते. जळकी वायर चांगलं तांबं दिसेपर्यंत कापली, नवा होल्डर बसवून स्क्रू घट्ट आवळले. मग आयएस १६१०२ (एलईडी बल्बचं भारतीय मानक) आणि आर-नंबर (भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक) छापलेला बल्ब लावला. बंद काचेची शेडही काढली; एलईडीच्या ड्रायव्हरला, म्हणजे बल्बच्या आतल्या सर्किटला, गार राहायला हवा लागते, त्यात आपल्याकडचा उन्हाळा! आता वास नाही, लुकलुक नाही. वायर भिंतीत आतपर्यंत काळी दिसली तर मात्र वायरमनलाच बोलवा.